बियाण्याची निद्रा आणि बियाण्याचें मरण

मटकीला मोड आणण्याची कृति ज्या घरांत कधींच होत नाहीं असें घर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. रात्रीं भिजत घातलेली मटकी सकाळीं उपसून फडक्यांत आवळून बांधली, कीं दुसऱ्या दिवशीं पुरचुंडींतून पांढरीं टोंकें डोकावूं लागतात. ती सोडतांना गृहिणीस दोन प्रकारचे दाणे निवडून बाजूला काढावे लागतात. कांहीं दाणे फुगलेले, परंतु बुळबुळीत व आंबूस वासाचे असतात. कांहीं मात्र रात्रभर पाण्यांत राहूनहि खड्यासारखे टणक असतात. या दुसऱ्यांस आपण गणंग म्हणतों, आणि दोन्ही सारखेच निरुपयोगी समजून टाकून देतों. स्वयंपाकघरापुरतें हें ठीक आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें या दोहोंत फार मोठें अंतर आहे. पहिला दाणा मेलेला आहे. दुसरा झोंपलेला आहे. गणंगाच्या सालीला सुईनें ओरखडा काढून तो पुन्हां भिजत घालावा; बहुधा त्याला मोड आलेला दिसेल.

"बीं उगवलें नाहीं" हें वाक्य शेतकऱ्याच्या तोंडीं येतें तेव्हां मात्र हा भेद कोणी विचारीत नाहीं. बीं मेलेलें होतें काय, झोंपलेलें होतें काय, कीं जिवंत व जागें असूनहि जमिनींत गुदमरलें? तिन्हींचीं कारणें निराळीं आणि उपायहि निराळे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यानें, किंबहुना साऱ्या विदर्भ-मराठवाड्यानें, या प्रश्नाचें मोल इ. स. २०२० च्या खरिपांत दिलें. जून महिन्यांत पाऊस वेळेवर आला, जमिनीला वाफसा आला, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या घाटावरच्या तालुक्यांत सोयाबीनची पेरणी झपाट्यानें उरकली. आणि आठ-दहा दिवसांनीं पाहतात तों कोठें चार-दोन विरळ रोपें, तर कोठें तासेंच्या तासें रिकामीं. राज्यभरांतून कृषिखात्याकडे हजारों तक्रारी गेल्या, पंचनामे झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें वृत्तपत्रांतील बातम्यांवरून आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली.

शहरांत राहणाऱ्या वाचकांस दुबार पेरणी म्हणजे केवळ दुप्पट खर्च असें वाटण्याचा संभव आहे. बियाणें, खत, मजुरी यांचा पैसा पुन्हां उभा करावा लागतो हें खरें. परंतु कोणत्याहि सावकाराकडे न मिळणारी वस्तु म्हणजे गेलेला वाफसा आणि गेलेले पंधरा दिवस. उशिरां पेरलेल्या सोयाबीनच्या शेंगा भरावयाच्या वेळीं पावसाचा भरंवसा राहत नाहीं, आणि त्यामागून त्याच रानांत घ्यावयाच्या हरभऱ्याची पेरणीहि मागें पडते. म्हणजे जूनमध्यें न उगवलेल्या दाण्यानें दोन हंगामांना हात घातलेला असतो.

त्या वर्षीं ज्याच्या त्याच्या तोंडीं एकच शब्द होता, फसवणूक. बियाण्याच्या बाजारांत लबाडी नसतेच असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आणि जेथें ती झाली तेथें शिक्षा व्हावी हेंहि योग्यच. तथापि सगळा दोष लबाडीच्या माथीं मारून मोकळें होणें हें सोपें असलें तरी खरें नव्हे. त्या बियाण्याचें मरण बऱ्याच अंशीं आठ महिने आधींच ठरून गेलें होतें. इ. स. २०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभीं, ऐन सोंगणीच्या दिवसांत, अवेळीं पाऊस कोसळला. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, तापल्या, कित्येक ठिकाणीं शेंगांतच मोड आले. जो दाणा वरून बरा दिसला तो वाळवून पोत्यांत भरला गेला. दिसण्यांत तो दाणा होता. परंतु त्याच्या आंतील जीव तेव्हांच अर्धमेला झालेला होता. याखेरीज पुरेशी ओल होण्यापूर्वीं केलेली पेरणी आणि प्रमाणाबाहेर खोल पडलेलें बीं, हींहि कारणें होतींच.

हें नीट समजण्यास बीं म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. सोयाबीनचा दाणा भिजवून त्याची साल अलगद काढली तर दोन जाड दळें दिसतात, आणि त्यांच्या सांध्यापाशीं सालीला अगदीं लागून एक लहानसें टोंक दिसतें. तेंच भावी मूळ. दळें ही त्याची शिदोरी. बीं म्हणजे शिदोरी बांधून, अंगावर पांघरूण घेऊन निजलेलें एक संपूर्ण रोप होय. तें निजलेलें असतें तेव्हांहि त्याचा श्वास अत्यंत मंद गतीनें चालू असतो, आणि श्वास चालू असल्यामुळें शिदोरीहि कणाकणानें खर्च होत असते.

पाणी, हवा आणि ऊब या तिन्हींचा योग आला म्हणजे रोप जागें होतें. पहिल्यानें दाणा पाणी पिऊन फुगतो. हें काम मेलेला दाणाहि करतो, म्हणून नुसत्या फुगण्यावर विश्वासूं नये. त्यानंतर श्वासाचा वेग एकदम वाढतो. मोड आणण्यासाठीं आवळून बांधलेल्या पुरचुंडीवर हात ठेवला तर ती कोमट लागते, ती या श्वासाच्या उष्णतेमुळें. गहू, जव, भात यांसारख्या तृणधान्यांत अंकुराकडून जिबरेलिन नांवाचें द्रव्य दाण्याच्या बाहेरच्या थराकडे जातें. तो निरोप पोंचतांच त्या थरांतून पाचक रस सुटतात आणि पिठाची साखर होऊं लागते. मोड आलेल्या धान्याला जी गोडसर चव येते, आणि मुलांसाठीं आपण नाचणीला मोड आणून जें पीठ करतों तें पचनास हलकें होतें, त्याचें इंगित हेंच. याच वेळीं पाण्याचा अतिरेक झाला तर हवा कोंडते आणि जागा झालेला जीव गुदमरतो. काळ्या जमिनींत पेरणीनंतर लागलीच मुसळधार पाऊस पडून वर पपडी धरली, तर चांगलें बियाणेंहि असेंच आंतल्या आंत कुजतें. याला बियाणें विकणारा जबाबदार नाहीं आणि पेरणाराहि नाहीं.

तिन्ही गोष्टी अनुकूल असूनहि जें बीं उगवत नाहीं, तें खरें निद्रिस्त बीं. आमच्या दर्शनकारांस हा भेद चांगला ठाऊक होता. योगसूत्रांत क्लेशांची एक अवस्था 'प्रसुप्त' म्हणून सांगितली आहे, आणि भाष्यकारांनीं ज्ञानानें जळलेल्या क्लेशांस 'दग्धबीज' म्हटलें आहे. प्रसुप्त तें अनुकूल काळ येतांच उठणारें, दग्ध तें कधींच न उठणारें. वेदान्त-योगाच्या चर्चेंत हा दृष्टान्त इतका रुळला आहे कीं तो मुळांत कोठारांतून आणि शेतांतून उचललेला आहे, याची आठवण पाठशाळेंत सहसा कोणी करून देत नाहीं.

निद्रेचे प्रकार अनेक आहेत. गणंग दाण्याची निद्रा सालीची. सालीवरील मेणचट थरांतून पाणी आंत शिरत नाहीं एवढेंच. मूग, मटकी, बाभूळ, तरवड यांच्या बियांत हा प्रकार आढळतो. दुसरी निद्रा अंकुराच्या आंतील असते. ॲब्सिसिक आम्ल नांवाचें द्रव्य अंकुराला थोपवून धरतें, आणि काळ जाईल तसतसा त्याचा अंमल कमी होतो. भाताच्या पुष्कळ जातींचें नवें बीं कापणीनंतर कांहीं आठवडे उगवत नाहीं तें यामुळें. हा दोष नसून मोठी सोय आहे. काढणीच्या वेळीं पाऊस आला असतां ज्या पिकाला निद्रा आहे तें वांचतें, ज्याला नाहीं त्याला कणसांतच मोड येतात. भुईमुगांत तर दोन्ही स्वभाव शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. जमिनीवर पसरणाऱ्या जातींचा दाणा काढणीनंतर काळपर्यंत झोंपून राहतो. उभट, लवकर येणाऱ्या जातींच्या शेंगा तयार होऊन जमिनींत राहिल्या आणि पाऊस आला, कीं तेथल्या तेथें उगवून येतात. भुईमुगाची निद्रा मोडण्यास इथिलीन हा वायु उपयोगी पडतो. आढींतील केळीं पिकविणारा वायु तोच. एकाच वायूनें फळ पिकावें आणि दाणा जागा व्हावा ही सृष्टीची मोठी गंमत आहे.

निद्रेचा कळस पाहावयाचा तर तणांकडे पाहावें. अमेरिकेंतील मिशिगन येथें प्राध्यापक बील यांनीं इ. स. १८७९ मध्यें वीस-बावीस वनस्पतींचें बीं ओलसर वाळूंत मिसळून २० बाटल्यांत भरलें आणि त्या जमिनींत पुरून ठेविल्या. ठराविक वर्षांनीं एकेक बाटली काढून पेरावयाची, असा संकल्प. बील केव्हांच निवर्तले. परंतु एका पिढीनें दुसरीस ती जागा सांगत यावें अशी परंपरा राहिली. इ. स. २०२१ मध्यें सोळावी बाटली काढली, तीहि रात्रीच्या अंधारांत, कारण उजेडाच्या स्पर्शानेंहि कांहीं बीजें जागीं होतात. आणि पिवळ्या फुलांच्या एका रानटी झाडाचें बीं सुमारें १४० वर्षांनंतर उगवून आलें. मग शेतकऱ्यानें दरवर्षीं निंदणी करूनहि तण कां संपत नाहीं, याचें आश्चर्य वाटावयास नको. पहिला पाऊस होऊन वखर फिरला, कीं खालचें बीं वर येऊन उजेड पाहतें आणि एका रात्रींत रान हिरवें होतें. सगळें बीं एकाच पावसाच्या भरंवशावर सोडावयाचें नाहीं, कांहीं राखून ठेवावयाचें, हा तणांचा स्वभाव आहे.

पिकांचा स्वभाव याच्या उलट झाला, आणि तो माणसानेंच केला. जें पेरल्याबरोबर उगवलें त्याचेंच पुढें बीं धरलें. जें झोंपून राहिलें तें आपोआप गळालें. हजारों वर्षांच्या या निवडीनें धान्याची झोंप पातळ होत गेली. झोंप पातळ झाली म्हणजे सांभाळण्याचा भार सांभाळणाऱ्यावर येतो. (मिसर देशांतील थडग्यांत सांपडलेला गहू पेरला आणि उगवला, ही कथा आमच्या लहानपणापासून ऐकिवांत आहे, ती निव्वळ दंतकथा आहे. तेथील जुना गहू मेलेलाच निघाला. उलट मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यांत सांपडलेली सुमारें २,००० वर्षांपूर्वींची खजुराची बी इ. स. २००५ मध्यें पेरली असतां खरोखरीच उगवली. कोरडी हवा आणि त्या त्या बीजाचा मूळचा पिंड, दोन्ही लागतात.)

हा सांभाळ कसा करावा याविषयीं आमच्या पूर्वजांनीं बारकाईनें लिहून ठेविलें आहे. 'कृषिपराशर' ग्रंथांत माघ-फाल्गुनांत सर्व बीज गोळा करावें, उन्हांत चांगलें वाळवावें, खालीं जमिनीवर ठेवूं नये, गवत-काडी निवडून एकसारखें करून बांधून ठेवावें, असें सांगितलें आहे. कौटिल्यानें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत धान्याचें बीं पेरण्यापूर्वीं सात दिवस रात्रीं दंवांत व दिवसा उन्हांत ठेवावें, शेंगधान्यांचें तीन किंवा पांच दिवस ठेवावें, असा विधि दिला आहे. आजचे बीजशास्त्रज्ञ कित्येक बियांना मोजकें पाणी पाजून पुन्हां सुकवितात आणि त्यानें उगवण एकसारखी होते असें त्यांस आढळतें, तें या विधीच्या जवळचें आहे. अस्थिबीजांस शेणाचा लेप द्यावा असेंहि कौटिल्य म्हणतो. टीकाकार त्यांत सरकी धरतात. अंगाला लव असलेली सरकी एकमेकींस चिकटते व चाड्यांतून सुटी पडत नाहीं, म्हणून वऱ्हाडांतला शेतकरी ती शेणमातींत चोळून पेरीत असे. हल्लीं हें काम आम्लानें करतात. प्राचीनांनीं सर्व शोध लावून ठेविले होते असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तींत बसण्याची आमची इच्छा नाहीं. दंवाचा प्रयोग सोयाबीनवर केला तर साल सुरकुतून व तडकून बीं बिघडेल, आणि तो दोष कौटिल्याचा नसेल. त्यानें सोयाबीन पाहिलेंच नव्हतें.

आजचा नियम एका वाक्यांत सांगण्याजोगा आहे, आणि तो हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. बियाण्यांतील ओलावा एक टक्क्यानें कमी केला तर त्याचें आयुष्य साधारणतः दुप्पट होतें, आणि सांठवणीच्या जागेची उष्णता ५ अंश सेल्सियसनें कमी केली तरीहि दुप्पट होतें. हे दोन्ही परिणाम एकमेकांस गुणतात. आतां हिशेब करून पाहावा. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत ४५ अंश उष्णता आहे आणि जाड मातीच्या भिंतींच्या माजघरांत ३० अंश आहे असें धरलें, तर पंधरा अंशांच्या फरकानें पत्र्याखालील बियाण्याचें आयुष्य आठव्या हिश्शावर येतें. जुनीं माळवदाचीं घरें जाऊन पत्र्याचीं व सिमेंटचीं घरें आलीं, तेव्हां माणसांस उकाडा सोसावा लागला हें सर्वांनीं पाहिलें. त्याच उकाड्यांत कोपऱ्यांतील पोतेंहि होतें याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

आमच्या भागांत खरिपाच्या बियाण्याचा शत्रु एक आणि रब्बीच्या बियाण्याचा दुसरा, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. खरिपाचें बीं आश्विन-कार्तिकांत घरीं येतें आणि मृगापर्यंत थांबतें. त्याला हिवाळ्याची कोरडी हवा लाभते, पण शेवटीं मलकापूर-खामगांवकडचा कडक उन्हाळा काढावा लागतो. गहू-हरभऱ्याचें बीं फाल्गुनांत येतें व पुढच्या आश्विनापर्यंत राहतें. त्याच्या वाट्याला उन्हाळ्यामागून सबंध पावसाळा येतो. श्रावणांतल्या दमट हवेंत उघड्या पोत्यांतला गहू हवेंतील पाणी ओढून चौदा-पंधरा टक्के ओलाव्यापर्यंत जातो, आणि ओलाव्यामागून टोके, सोंडे, भुंगे हजर होतात. वैशाखांत वाळवण करून धान्य निंबाच्या पाल्यांत किंवा राखेंत ठेवण्याची घरोघरची रीत येथें अगदीं शास्त्रशुद्ध ठरते. कोरडी राख ओल शोषून घेते आणि किड्यांच्या अंगावरील मेणाचा थर खरवडून त्यांस सुकवून मारते. मात्र उन्हांत तापलेलें धान्य तसेंच गरम डब्यांत भरून झांकण लावूं नये. तें निवूं द्यावें. आणि हवाबंद डबा हा पूर्ण वाळलेल्या बियाण्याचा मित्र असला, तरी अर्धवट वाळलेल्याचा तो वैरी आहे, कारण आंतील ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं.

पेवाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. जमिनींतील पेवांत ज्वारी वर्षानुवर्षें राहत असे. तोंड लिंपल्यावर आंतील दाण्यांच्याच श्वासानें प्राणवायु संपे आणि किडे मरत. नवें उघडलेलें पेव माणसालाहि प्राणघातक होतें, म्हणून आधीं दिवा सोडून पाहण्याची चाल होती. परंतु पेवांतली ज्वारी खाण्याची; पेरण्याची नव्हे. जमिनीच्या ओलीनें व उबेनें तिची उगवणशक्ति जाई. बियाण्यासाठीं शेतांतलीं उत्तम कणसें निवडून आढ्याला टांगीत, किंवा शेणानें सारवलेल्या कणगींत, उतरंडीच्या मडक्यांत वेगळें ठेवीत. खाण्याचें व पेरण्याचें यांतील हा भेद पूर्वीं प्रत्येक घरांत पाळला जात असे.

हा भेद मोडला तो दुष्काळांत. इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक संवत्सरावरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्यांत वऱ्हाडांत घरोघरचें बीं पोटांत गेलें. मग सावकाराकडून बियाण्याचा दाणा सवाईनें किंवा दिढीनें आणावयाचा, म्हणजे मणाला सवा मण वा दीड मण फेडावयाचा. इंग्रज सरकारनें इ. स. १८८४ च्या कायद्यानें बीं व बैल यांसाठीं तगाईची सोय केली होती. परंतु तगाईचा पैसा आणि मृगाचा पाऊस यांची गांठ पडेलच असें नसे. स्वतःच्या घरांत पेरण्यापुरतें जिवंत बीं असणें हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा पाया होता, असें आम्हांस वाटतें.

पुढें बीं विकत घेण्याचा काळ आला. इ. स. १९६४ मध्यें सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलें, परंतु संकराचें बीं घरीं धरतां येत नाहीं, दरसाल नवें घ्यावें लागतें. शिवाय जुनी ज्वारी पावसाळा संपल्यावर कोरड्या थंडींत पिकत असे. नवी लवकर येणारी असल्यामुळें पावसांत सांपडून काळी पडूं लागली. इ. स. १९६६ मध्यें बियाण्याचा कायदा झाला, इ. स. १९७६ मध्यें अकोल्यास राज्याचें बियाणें महामंडळ स्थापन झालें. त्यानंतर सोयाबीन आलें, आणि इ. स. १९९४ मध्यें जबलपूरहून निघालेल्या जे. एस. ३३५ या वाणानें घाटावरचीं शेतें बघतां बघतां व्यापलीं. ज्वारी, मूग, उडीद मागें सरले.

आणि येथेंच गोष्ट अडली. हातांची सवय ज्वारीची आणि बीं सोयाबीनचें! ज्वारीचा दाणा टणक. पोतें गाडीवरून फेंकलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. सोयाबीनच्या दाण्यांत सुमारें ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल. तेल हवेशीं संयोग पावून खवटतें, त्यानें पेशींचीं आवरणें झिरपूं लागतात. साल कागदासारखी पातळ, आणि वर सांगितल्याप्रमाणें मुळाचें टोंक त्या सालीच्या अगदीं लगत. मळणीयंत्र जोरांत फिरलें, पोतें उंचावरून आपटलें, थप्पीवर थप्पी रचून खालच्या पोत्यांवर भार पडला, कीं हें टोंक दुखावतें. डोळ्यांना दाणा धड दिसतो. तेलाच्या घाणीवर त्याला पूर्ण भाव मिळतो. पण रानांत तो उगवत नाहीं. तडकलेल्या सालींतून पाणी एकदम आंत घुसतें, आंतील साखर बाहेर पाझरते, आणि अंकुराऐवजीं बुरशीचें पोषण होतें. म्हणून बियाण्यासाठीं मळणी करतांना यंत्राचे फेरे मिनिटास चारशेंच्या आसपासच ठेवावे, ओलावा १२ टक्क्यांच्या खालीं आणावा, पोतीं लांकडी फळ्यांवर ठेवून सात-आठांपेक्षां अधिक रचूं नयेत, असें कृषिखातें सांगतें. एक उन्हाळा काढलेलें सोयाबीन कसेंबसें टिकतें. दोन उन्हाळे काढलेल्यावर विसंबूं नये.

या पिकाची एक जमेची बाजू आहे. सोयाबीन हें स्वपरागित पीक असल्यामुळें सरळ वाणाचें बीं घरीं धरतां येतें, आणि एकदां प्रमाणित बियाणें आणल्यावर दोन-तीन वर्षें तेंच पुढें चालवितां येतें. बी.टी. कपाशीच्या संकरित बियाण्याचें तसें नाहीं. इ. स. २०२० च्या अनुभवानंतर राज्याच्या कृषिखात्यानें घरचें बियाणें राखण्याचा व पेरण्यापूर्वीं त्याची परीक्षा घेण्याचा प्रचार मोठ्या नेटानें केला, तो स्तुत्य होय.

परीक्षेवरून जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळचा घट आठवतो. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळीं तेथें शेतांत घट मांडून त्याभोंवतीं अठरा धान्यांचे दाणे ठेवितात, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे कोणता दाणा किती हलला यावरून पीक-पावसाचें भाकीत सांगतात. ही चाल सुमारें साडेतीनशें वर्षांची आहे असें म्हणतात. ती ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी आणि व्यापारी जमतात. हवामानशास्त्राच्या कसोटीला तें भाकीत उतरत नाहीं, आणि त्यावर पेरणीचा निर्णय करणें आम्हांस मान्य नाहीं. पण मुहूर्त मात्र अचूक आहे. पेरणीला महिना-सवा महिना उरलेला असतो, आणि घरांतल्या बियाण्याची विचारपूस करण्याची वेळ नेमकी हीच.

त्यासाठीं खर्च कांहीं नाहीं, आणि हें काम घरांतल्या स्त्रिया व शाळेंतलीं मुलें उत्तम करतील. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळांतून मूठ मूठ दाणे घेऊन एकत्र करावे. नुसते वरचे घेतल्यास परीक्षा खोटी ठरते. त्यांतून न निवडतां शंभर दाणे मोजावे. फुटका दाणा आला तर तोहि राहूं द्यावा, कारण पेरतांना तोहि पडणारच आहे. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुवून ओला करावा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्या, वरून दुसरा ओला तुकडा घालून अलगद गुंडाळी करावी आणि सावलींत ठेवावी. पाणी रोज शिंपडावें, पण गोणपाट निथळत ठेवूं नये. मटकीच्या पुरचुंडीचाच न्याय येथें लागू आहे. असे तीन संच केले तर भरंवसा अधिक. सहाव्या-सातव्या दिवशीं उघडून मूळ व कोंब दोन्ही धड असलेलींच रोपें मोजावीं. वांकडीं, मूळ तुटलेलीं, बुरशी धरलेलीं सोडून द्यावीं.

सोयाबीनला कायद्यानें निदान ७० टक्के उगवण लागते. गहू व हरभऱ्यास ८५ टक्के. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरतें. साठ उगवले तर त्रैराशिक मांडावें: तीस गुणिले सत्तर, भागिले साठ, म्हणजे ३५ किलो. साठांच्या खालीं आंकडा गेला तर तें बियाणें पेरण्याच्या विचारांत न पडतां बाजारांत द्यावें, आणि दुसरें पाहण्यास अजून महिना हातीं आहे हें ध्यानांत घ्यावें. विकत आणलेल्या बियाण्याचीहि हीच परीक्षा करावी. त्यासाठीं पिशवी खालच्या शिवणीकडून उसवून वरचें शिवण व खूणचिठ्ठी शाबूत ठेवावी, आणि पावती जपावी. पुढें तक्रारीचा प्रसंग आला तर त्यांवांचून कोणी दाद घेत नाहीं. प्रमाणित बियाण्याच्या निळ्या चिठ्ठीवर परीक्षेची तारीख असते व तिची मुदत नऊ महिन्यांची असते, तीहि वाचून घ्यावी.

अक्षय तृतीयेला जो आंकडा येईल तो घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि रोहिणी नक्षत्र लागल्यावर त्याच पोत्यांतील शंभर दाणे पुन्हां एकदां मांडावे. मधला महिना वैशाखाचा असतो, आणि पत्र्याखालच्या खोलींत त्या एका महिन्यांत आंकडा खालीं येऊं शकतो. तो आलाच, तर नवें त्रैराशिक करून मगच चाडें भरावें.